कोरकू लेकरासाठी मराठी ही दुसरी भाषा आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून जो वाद झाला, त्यावरची आपल्या पानावरची बहुतेक पत्रं मी वाचली. १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, जूनमधली त्याची दुरुस्ती, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेणं, डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालची समिती, हे सगळं आमच्या गावापर्यंत पोचलं. लहान लेकराला आधी आईच्या भाषेत घट्ट उभं राहू द्या, दुसऱ्या भाषेचं ओझं नंतर, असं मोठमोठे अभ्यासक सांगत होते. मला ते शंभर टक्के पटलं. पण असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं महाराष्ट्रातल्या सगळ्या लेकरांची आई मराठी बोलते असं धरलं होतं. मेळघाटातली आदिवासी आई कोरकू बोलते. मी स्वतः कोरकू आहे, धारणी तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे आणि ही लेकरं शाळेत जाण्याआधी माझ्याकडे असतात, म्हणून हे पत्र.

अंगणवाडीतली आमची पोरं गप्प बसत नाहीत. रात्री मोहाखाली अस्वल आलं होतं, कोणाच्या शेळीला दोन पिल्लं झाली, मोठ्या भावानं सिपना नदीत केवढा मासा धरला, सगळं सांगायचं असतं आणि सगळ्यांना एकदमच सांगायचं असतं. जूनमध्ये तेच पोर पहिलीत जातं. शाळा काही लांब नाही, माझ्या दारातून वर्ग दिसतो. पण तिथं ते मुकं होतं. मॅडम काय म्हणतात ते त्याला कळत नाही आणि ते काय म्हणतं ते मॅडमना कळत नाही. मग ते खिडकीतून बाहेर बघत बसतं, दिवाळीपर्यंत शाळेत यायचंच टाळतं, आणि आम्हाला ऐकावं लागतं की कोरकू लोकांना शिक्षणाची आवड नाही.

शिक्षकांना मी दोष देत नाही. दर्यापूर, अचलपूर, मोर्शीकडून येतात, जीव लावून शिकवणारेही पुष्कळ पाहिले. बदल्यांच्या कागदावर आमचा भाग ‘अवघड क्षेत्र’ आहे. चार कोरकू वाक्यं बोलता यायला लागतात तोवर बदलीची वेळ येते, आणि पुढचे सर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

बाहेरून आलेल्यांना वाटतं की कोरकू म्हणजे मराठीचीच एखादी रानबोली. तसं नाही. ती मुंडा कुळातली भाषा आहे, संथाळी आणि मुंडारीच्या नात्यातली. तिच्यात मराठीसारखी तीन लिंगं नाहीत, तिथं फरक होतो तो सजीव आणि निर्जीव असा. वचनं मात्र तीन आहेत, एक, दोन आणि पुष्कळ. आता या लेकरानं विचार करावा की पाऊस आला, भाकर आली, पाणी आलं, यातल्या एकातही जीव नाही, मग तीन तऱ्हा कशाला? ते वहीत ‘माझा आई आला’ असं लिहितं आणि लाल गोल होतो. ती चूक निष्काळजीपणाची नसते, घरचं व्याकरण धरून ते लिहीत असतं. शिक्षकाला हे एका दिवसाच्या प्रशिक्षणात समजावून सांगता येईल. समजलेला शिक्षक लाल गोल करण्याऐवजी शेजारी बसून दाखवेल.

भाषांचं ओझं म्हणाल तर आमच्या लेकरांवर ते कधीपासूनच आहे. घरी कोरकू. धारणीच्या बाजारात हिंदी, कारण इकडचा व्यवहार बऱ्हाणपूर-खंडव्याशी. शाळेत मराठी. आणि २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी. म्हणजे तिसरी भाषा हवी की नको असा वाद मुंबईत चालला होता, तेव्हा इथलं सहा वर्षांचं पोर चौथ्या भाषेशी झटत होतं, आणि त्यातल्या पहिल्या भाषेचं एक पानही त्याच्या दप्तरात नव्हतं.

व्याघ्र प्रकल्पातून उठवून अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर वसवलेल्या गावांचं तर आणखीच. तिथली माणसं आपल्याच राज्यात परकी झाली. चारी बाजूंनी वऱ्हाडी, दुकानात वऱ्हाडी, दवाखान्यात मराठी. माझ्या माहेरच्या नात्यातली काही घरं तिकडे आहेत. होळीला इकडे आली की नातवंडं आजीला मराठीत उत्तर देतात आणि आजी माझ्याकडे बघते, काय म्हणाला म्हणून. होळी आमचा सगळ्यात मोठा सण, कामासाठी बाहेर गेलेला माणूस कुठूनही घरी येतो. फगव्याची गाणी, मेघनाथची पूजा, सगळं कोरकूतच. ती पोरं बाजूला उभी राहून बघत होती, त्यांना गाण्यात शिरता येईना. मला फार वाईट वाटलं.

मराठी नको, असं कोणी यातून काढू नये. मराठी मला हवी, माझ्या लेकरांना तर माझ्यापेक्षा चांगली यायला हवी. वनहक्काचा दावा मराठीत भरावा लागतो, सातबारा मराठीत, ग्रामसभेचा ठराव मराठीत. ज्याला तो वाचता येत नाही त्याचा अंगठा कुठेही घेतला जातो. मी आश्रमशाळेत शिकले, मराठीतच वाचायची गोडी लागली आणि आजही रोज मिळेल ते वाचते. मराठी अभिजात झाली तेव्हा मलाही आनंद झाला. म्हणूनच ती नीट शिकवली जावी अशी माझी मागणी आहे. दुसरी भाषा दुसऱ्या भाषेसारखीच शिकवावी लागते: आधी ऐकणं, मग बोलणं, मग अक्षर, आणि अडलं की समजावायला घरची भाषा हाताशी. आमच्या शाळांतून ती पहिली भाषा असल्यासारखी शिकवतात, आणि पोर पाचवीत गेलं तरी वाचतं पण त्याला अर्थ लागत नाही.

यात अशक्य काही नाही. ओडिशानं २००६-०७ मध्ये दहा आदिवासी भाषांतून पहिलीचे वर्ग सुरू केले. संविधानाचा अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकवण्याची सोय करायला सांगतो, आणि तो १९५६ पासून आहे. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सव्वासात लाखांच्या वर निघाले. ही भाषा देवनागरीत लिहिता येते. बारावी, डी.एड. झालेली कोरकू मुलं-मुली आमच्या गावांत आहेत. मेळघाटातले धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली आहेत, तेव्हा पहिली-दुसरीच्या वर्गावर नेमताना कोरकू येणं ही अट घालायला काय हरकत आहे?

मेळघाट म्हटलं की वर्तमानपत्रांना कुपोषण आठवतं. तो प्रश्न आहेच आणि त्याच्यासाठी मी रोज राबते. पण आजारी बाळ घेऊन आलेल्या आईला डॉक्टरांचं बोलणं कळत नाही आणि आशाताई नसेल तर ती मान डोलावून परत जाते, याची बातमी मी कधी वाचली नाही. आपण ती छापावी.

शासनाला माझं म्हणणं एवढंच आहे. तिसरी भाषा कोणती हे ठरवण्याआधी राज्यातल्या कोणत्या शाळांत मराठीच दुसरी भाषा आहे, त्याची यादी करा. मेळघाटात कोरकू, भामरागडला माडिया, अक्कलकुवा-धडगावला भिली आणि पावरी. त्या शाळांसाठी पहिली-दुसरीचं वेगळं पुस्तक करा. ते होईपर्यंत आमच्यासारख्या सेविकांना जून-जुलैत रोज एक तास पहिलीच्या वर्गात बसू द्या. अंगणवाडी सुटल्यावरही शाळा चालू असते. पोरं आमच्या ओळखीची आहेत, आणि त्यांचं म्हणणं मॅडमना सांगायला आम्ही तयार आहोत.

– एक अंगणवाडी सेविका,
ता. धारणी, जि. अमरावती
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)