पहिला प्रोग्राम कोणासाठी लिहायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अंतिम वर्षाचे प्रकल्प तपासण्यासाठी बाह्य परीक्षक म्हणून गेले होते. चार गटांनी रुग्णालय-व्यवस्थापनाचे जवळजवळ एकच सॉफ्टवेअर सादर केले आणि चौघांच्याही पडद्यावर ‘पेशंट’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये तीच एक चूक होती. केसपेपरच्या खिडकीशी घटकाभर उभे राहून काम कसे चालते ते पाहिलेला मुलगा त्यांत एकही नव्हता. तयार प्रकल्प विकत मिळतात हे सर्वांना ठाऊक आहे. मला वाईट वाटले ते त्या मुलांचा पहिला प्रकल्प हातचा गेला याचे.

माझा पहिला मोठा प्रोग्राम १९९१ सालचा, गावच्या दूध संस्थेचा. डीबेस थ्री प्लस या तेव्हाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला आणि ३६० केबीच्या एका फ्लॉपीत मावणारा. सभासदाचे दोन्ही वेळचे लिटर, फॅट आणि डिग्री (लॅक्टोमीटरवरचे माप) भरायची, दरपत्रकातून दर काढायचा, पशुखाद्य आणि उचल वजा करायची आणि दर दहा दिवसांनी बिल छापायचे, एवढेच त्याचे काम. पहिली बिले डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवरून निघाली, तेव्हा संस्थेच्या सचिवअण्णांनी एक बिल पुढ्यात ओढले, शिसपेन्सिलीने वीसही नोंदींची बेरीज केली आणि म्हणाले, “पोरी, दोन पैशांचा फरक येतोय.” मला तो फरक क्षुल्लक वाटला. अण्णांना वाटला नाही, कारण बिल घरी नेऊन हिशेब ताडून पाहणारे सभासद त्यांच्या ओळखीचे होते.

चूक सापडायला माझ्या दोन रात्री गेल्या. साडेसहा लिटर दुधाला लिटरमागे ५ रुपये ३७ पैसे दर लागला की रक्कम ३४.९०५ येते. छापताना दोनच दशांश स्थळे दिसत, पण प्रोग्राम तिसरे स्थळ पोटात धरून ठेवी आणि बेरीज त्याच्यासकट करी. प्रत्येक नोंद आधी दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करून मग बेरीज घेतली आणि बिल जुळले. दुरुस्ती एका ओळीची होती, पण कागदावर दिसणारी रक्कम आणि यंत्रातली रक्कम एकच असली पाहिजे, हे मी पुढे बँकांच्या प्रणालींवर काम करताना कधी विसरले नाही.

त्याच वर्षी हेलसिंकीत लायनस टॉर्व्हाल्ड्स हा विद्यार्थी स्वतःच्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकासाठी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत होता. तिथे वापरणारा तो स्वतःच होता, माझ्याकडे अण्णा होते. पण चूक झाली तर ती ज्याला सोसावी लागणार, असा माणूस दोन्हीकडे समोर होता. विकतच्या प्रकल्पात नेमका तोच नसतो.

म्हणून विद्यापीठांना माझी विनंती आहे की, अंतिम वर्षाचा प्रकल्प पतसंस्था, वाचनालय, रेशन दुकान, दूध संस्था अशा एखाद्या ठिकाणी निदान महिनाभर चालवून दाखवण्याची अट घालावी आणि तो वापरणाऱ्या माणसाला तोंडी परीक्षेला बोलवावे. सकाळचे संकलन सोडून सचिवांना येता येत नसेल, तर परीक्षकांनी संस्थेत जावे. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत मी स्वतः पहाटे येऊन बसायला तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रोग्रामर, सांगली