कसला वेल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला इंग्रजी उच्चारांवरचा लेख वाचला. ‘थिंक’ म्हणताना जिभेचं टोक दातांमध्ये धरा, आरशासमोर सराव करा, असा सल्ला होता. आज सकाळी केला. कवळी बेसिनमध्ये पडली. आभारी आहे.

आपला ‘थ’ वापरणारा म्हणजे अडाणी, असा लेखाचा एकूण सूर. फ्रेंच माणूस ‘सिंक’ म्हणतो, खुद्द लंडनमध्ये जन्मलेले कितीतरी जण ‘फिंक’ म्हणतात. त्यांना कोण आरशासमोर उभं करतं?

माझी नात इथल्याच एका इंग्रजी शाळेत दुसरीत आहे. पालकसभेत मॅडमनी सगळ्यांदेखत सांगितलं, ही ‘व्हॅन’ला ‘वॅन’ म्हणते. बरं, म्हणते. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, डब्ल्यूला ओठांचा चंबू करायचा, आणि आपला ‘व’ बसतो या दोघांच्या मध्ये कुठेतरी. सात वर्षांची पोर, शिकेल. ‘शंभर वर्षं जग’ आणि ‘जग फिरून ये’ यांतला ‘ज’ ती न शिकवता वेगवेगळा म्हणते, तिथं अक्षर एकच असून. तर दोन ‘व’ काय जड आहेत? पण पुढे मॅडम म्हणाल्या, “आजोबा, तिला घरी थोडा वेल देत जा.” कसला वेल? दोडक्याचा? विचारणारच होतो, नातीनं हात दाबला. विश्रामबागेत घरी पोचेपर्यंत पोर एक शब्द बोलली नाही. मी भेळ घेऊ का विचारलं, तर नुसती मान हलवली.

म्हणजे व्ही चुकला की वहीत लाल शेरा, आणि ‘ळ’ दिवसाढवळ्या गिळला तरी त्या मॅडमच! त्यावर एखादी पुरवणी काढा की.

आपणही जरा बघावं. व्हीसाठी ‘व्ह’ लिहायची आपली रीत. मग आपल्या अंकात रोज ‘व्हॉट्सअ‍ॅप’ कसं छापून येतं? तिथं तर डब्ल्यू आहे. लेखाच्या शेजारच्याच रकान्यात होतं, पेनानं खूण करून ठेवली आहे.

आणि गेल्या रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आडवा १४ अडला आहे.

आपला,
एक आजोबा, सांगली