तेराशे माणसांसाठी बोगदा

महोदय,
उत्तर अटलांटिक महासागरातल्या फॅरो बेटांपैकी सांदोय हे जेमतेम तेराशे वस्तीचं. वादळात फेरीबोट थांबली की बेट तुटायचं. डिसेंबर २०२३मध्ये समुद्राखालचा जवळपास ११ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि ते शेजारच्या स्त्रेमोय बेटाला जोडलं गेलं.

वाचून मला भामरागडच आठवलं. मी तिथे नर्स होते. पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली. एका अडलेल्या बाळंतिणीपाशी दोन रात्री बसून काढल्या. गाडी पलीकडच्या काठावर उभी. बाई वाचली, बाळ गेलं. ‘एवढ्याशा वस्तीसाठी एवढा खर्च?’ हे तेव्हाही ऐकलं, आजही ऐकते. गडचिरोलीतल्या नदीनाल्यांवर पुरात न बुडणारे पूल बांधा.

— एक निवृत्त परिचारिका, महाल, नागपूर