डोळ्यांवर खापर कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक जाहिरात फिरत होती. रंगीत काचांचा चष्मा लावा, तीन महिने डोळ्यांचे व्यायाम करा, डिस्लेक्सिया (म्हणजे वाचता-लिहिताना अडखळणं) बरा होईल! वाड्यावरच्या दोघांनी ती मला मुद्दाम पाठवली. मी वाचताना अडखळतो हे इथे सगळ्यांना माहीत आहे. वय 52, धंदा वायरमनचा, मीटर आणि वायरींशी माझं छान जमतं.

जत्रेच्या नाटकात मी वीस वर्षं काम करतोय. तालमी सुरू होण्याआधी सगळे बसून नाटकाचं वाचन करतात, त्या दिवशी मला हटकून कुठेतरी 'अर्जंट काम' निघायचं. घरी बायको संहिता वाचून दाखवायची. दोनदा ऐकलं की माझं पाठ, समोरच्या पात्राचंसुद्धा.

मुलगी ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासण्याचं शास्त्र शिकते. मे महिन्यात घरी आली तेव्हा तिने मला सोप्यावर पेपर वाचायला बसवलं, कडेला माझा दाढीचा आरसा आडवा ठेवला आणि मागे उभी राहून त्यात बघत राहिली. डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो, हे पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत 1879 च्या सुमारास टिपलं गेलं होतं म्हणे. सराईत इंग्रजी वाचकाचा डोळा एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, मग सात-आठ अक्षरं पुढे जातो. शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागेही असतात. माझे डोळे 'शिष्यवृत्ती'वर आले आणि तिथेच घिरट्या घालू लागले. ही पहिली वेलांटीच बघा ना, काढायची अक्षराआधी आणि उच्चारायची अक्षरानंतर!

मग तिने भाच्याचं दुसरीचं पुस्तक पुढे ठेवलं. "बाबा, आता बघा," म्हणाली. डोळे सरळ चालीने ओळ संपवून खाली उतरले. डोळे तेच, आरसा तोच. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना झेपेल असा मजकूर दिला की त्यांचे डोळेही असेच सुरळीत चालतात, हे संशोधकांनी पूर्वीच पाहिलं आहे. अडतं ते अक्षर आणि आवाज यांची सांगड घालताना. डोळा बिचारा तिथे ताटकळतो, एवढंच.

लिहिताना तर विचारू नका. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासाठीचा अर्ज मी तिच्यासमोर लिहिला. मजकूर जुळवायला मागचं वाचायची पाळी लिहिणाऱ्या प्रत्येकावर येते, पण माझा डोळा शब्द पुरा व्हायच्या आतच मागे जातो. 'विनंती'तला 'नं' काढला की परत 'वि'वर, बरोबर आलाय ना बघायला. खिडकीमागच्या कारकुनाला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते फक्त मागची रांग.

तेव्हा चष्म्याच्या जाहिराती म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 साली संयुक्त निवेदन काढून सांगितलं होतं की डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत काचा यांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला शास्त्रीय आधार नाही. नंबर लागला असेल तर चष्मा जरूर लावा, मलाही जवळचा आहे. त्याने अक्षरं स्पष्ट दिसतात. अडखळणं होतं तेवढंच आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला, हे चांगलं झालं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सिया ओळखण्यासाठी 'डाली' नावाची चाचणी तयार केली, ती मराठीतही आहे, पण पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. माझ्या वयाच्या माणसाने त्या बाकावर बसायचं का? डोळ्यांच्या हालचाली टिपणारे कॅमेरे आता आहेत. गोव्यात घरात कोकणी, पेपर मराठी आणि कचेरीत इंग्रजी अशी तिहेरी कसरत करणारे माझ्यासारखे प्रौढ शोधायला लांब जावं लागणार नाही. आपल्या विद्यापीठातल्या कुणी हे काम हाती घेतलं तर पहिला मी येऊन बसेन, पावसाळ्यात कामं कमीच असतात.

हे पत्र मी सांगितलं आणि मुलीने टाइप केलं. पाठवण्याआधी मी स्वतः वाचून पाहिलं. अर्धा तास लागला, पण तिच्या दोन चुका मी पकडल्या.

आपला,
एक वाचक, डिचोली