पडलेला प्रत्येक शेअर स्वस्त नसतो

महोदय,

जगभरचे बाजार गडगडले की अर्थविषयक पानावर मोबाइल कंपन्यांचे शेअर किती टक्क्यांनी पडले याची बातमी येते आणि त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘स्वस्तात मिळतोय, अ‍ॅव्हरेज करा’ (म्हणजे पडत्या भावात आणखी शेअर घेऊन खरेदीचा सरासरी भाव खाली आणा) असे सल्ले फिरू लागतात. हा सल्ला किती महागात पडू शकतो, ते 2008 च्या मंदीत दिसले आहे.

2007 च्या अखेरीस नोकियाचा शेअर 26-27 युरोंच्या घरात होता, अ‍ॅपलचा 200 डॉलरच्या. पुढच्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली आणि काही महिन्यांत दोन्ही शेअर निम्म्याहून खाली आले. नुसता आलेख पाहून दोघांत फरक करता आला नसता. उलट जगात विकल्या जाणाऱ्या दर पाच फोनांमागे जवळपास दोन नोकियाचे होते; भरवशाचा म्हणून कुणीही नोकियाच घेतला असता. पण 2009 संपता संपता अ‍ॅपल पुन्हा 200 डॉलरवर पोहोचला, नोकिया नऊ युरोंच्या आसपास रेंगाळत राहिला आणि जुलै 2012 मध्ये दीड युरोच्याही खाली गेला. आयफोन आणि पाठोपाठ अँड्रॉइड आले, नोकियाच्या फोनमधली सिम्बियन ही कार्यप्रणाली मागे पडली. हा आजार मंदीच्या गर्दीत कुणाच्या लक्षातच आला नाही. नोकियाचा चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना 2014 मध्ये बंद पडला, हजारो कामगारांची रोजीरोटी गेली. करवादाचेही कारण त्यामागे होते, हे खरे.

एप्रिल 2025 चे उदाहरण वेगळे आहे. ट्रम्प यांनी आयातशुल्क जाहीर करताच अ‍ॅपल एका दिवसात नऊ टक्क्यांहून अधिक पडला, कारण आयफोनची बहुतांश जुळणी चीनमध्ये होते. आठवडाभरात काही शुल्कांना 90 दिवसांची स्थगिती मिळाली, तर तो एकाच दिवसात 15 टक्के चढला. हा फटका धोरणाचा होता. फोनची मागणी आटलेली नव्हती.

म्हणून विनंती अशी, की अशा दिवशी नुसती टक्केवारी छापू नका. कंपनीवर कर्ज किती, हातात रोकड किती, माल कुठे तयार होतो, बाजारातला वाटा वाढतोय की घटतोय, एवढी चौकट बातमीशेजारी द्या. करोनानंतर लाखो तरुणांनी डिमॅट खाती उघडली आहेत. पगारातून वाचवलेले पैसे ते याच बातम्या वाचून गुंतवतात.

– एक वाचक, सांगली