आईच्या आधी थांबणाऱ्या आजोबांना

तीर्थस्वरूप आजोबांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, त्याची रुखरुख अजून जात नाही. एप्रिलमधली सकाळ होती. जपानमधल्या नारा शहरात वाकाकुसायामा टेकडीच्या पायथ्याशी, फाटकाजवळ आपण भेटलो. तुमच्या डोक्यावर करडी टोपी होती आणि माझ्या आईने साडीवर माझा निळा स्वेटर घातला होता.

आदल्या दिवशी क्योतोत काय झालं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. एका देवळाच्या पायऱ्यांशी आमच्या टूर मॅनेजरने तीस माणसांदेखत आईला सांगितलं, "आजी, तुम्ही बसमध्येच बसा. तुमच्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो." पैसे घेताना हाच माणूस "आईंची काळजी आमच्यावर सोडा" म्हणत होता. आई दीड तास बसमध्ये बसून राहिली. रात्री हॉटेलवर म्हणाली, "उद्या तू जाऊन ये. मी खोलीवरच थांबते." साताऱ्याच्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवलेली, दरवर्षी पोरांना अजिंक्यताऱ्यावर नेणारी माझी आई असं म्हणाली. मला ते अजून सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी टूर सोडून आम्ही दोघीच नाराला आलो. तिथल्या तोदाइजी देवळातला बुद्ध बघायचा, ही तिची खूप वर्षांची इच्छा. सन 752 मध्ये त्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला, हे ती वर्गात रंगवून सांगायची. त्याच्या कुंचल्याला दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातात धरल्या होत्या, म्हणजे डोळे सगळ्यांनी मिळून रेखाटले, असं ती म्हणायची. त्या पंधरा मीटर उंच मूर्तीपुढे ती कितीतरी वेळ हात जोडून उभी होती. मग बाहेर पडून टेकडीशी आलो. हिरवीगार, जवळजवळ झाडच नसलेली, एकावर एक तीन टोप्या ठेवाव्यात तशी टेकडी. आईने वर पाहिलं आणि म्हणाली, "मी इथेच हरणं बघत बसते."

तेवढ्यात तुम्ही आलात. आईच्या गुडघ्यांकडे पाहिलंत, पायऱ्यांकडे पाहिलंत आणि हसून म्हणालात, "युक्कुरी, युक्कुरी." सावकाश.

त्यानंतर तुम्ही जे केलंत, त्यासाठी हे पत्र. पंधरा-वीस पायऱ्या झाल्या की तुम्ही थांबायचात. आईला धाप लागायच्या आधी. कधी बुटाची नाडी बांधायचात, कधी टोपी काढून कपाळ पुसायचात, कधी शेजारच्या कासुगायामाच्या रानाकडे बोट दाखवून उभे राहायचात. त्या रानात सन 841 पासून झाडतोडीला बंदी आहे, हे मी तुमच्या मोबाइलवरच्या भाषांतरात वाचलं. आई म्हणायची, "थांबू गं जरा, आजोबा दमलेत." पहिल्या दोन वेळा मलाही तसंच वाटलं. तिसऱ्या वेळी पाहिलं, तुमचा श्वास अगदी संथ होता.

आईला एकदाही "थांबा" म्हणावं लागलं नाही. मदत करणारी माणसं आम्हाला बरीच भेटतात. दंड धरतात, चार लोकांत मोठ्याने "सावकाश हं आजी" म्हणतात, आणि ती आणखी म्हातारी होऊन घरी येते. तुम्ही दमणं स्वतःकडे घेतलंत. हा चांगुलपणा कुठल्या प्रशिक्षणात मिळत नसावा. आयुष्यभर दुसऱ्याच्या पावलाकडे लक्ष देऊन चालणाऱ्यालाच तो जमत असेल.

पहिल्या टप्प्यावर गवत लागलं आणि तुम्ही माथ्याकडे पाठ करून खाली बसलात, जणू तुम्हाला इथवरच यायचं होतं. 342 मीटरच्या त्या टेकडीचा माथा अजून बराच वर होता, पण आईला तो आठवलाही नाही. समोर अख्खं नारा पसरलं होतं. दाट झाडीतून वर आलेलं तोदाइजीचं छप्पर, त्याच्या दोन टोकांची सोनेरी शिंगं, पलीकडे घरं आणि पार क्षितिजाशी इकोमाची डोंगररांग. "बोधिसेनाचं देऊळ वरून असं दिसतं," आई म्हणाली आणि रडली. तुम्ही तिच्याकडे पाहिलं नाहीत. गवत कुरतडणाऱ्या एका हरणाकडे पाहत राहिलात. त्याबद्दलही आभार.

गवत इतकं एकसारखं कसं, हे तिने विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, दर जानेवारीत चौथ्या शनिवारी संध्याकाळी ही टेकडी पेटवतात आणि वसंतात ती पुन्हा हिरवी होते. आमच्याकडच्या डोंगरांना लागणारे वणवे आईला माहीत आहेत, तिला त्यांचा संताप येतो. पण ठरवून, पहारा ठेवून लावलेली आग तिला पटली. उतरताना त्यावरच बोलत होती. बसमधलं काही बोलली नाही, तेव्हाही आणि नंतरही.

खाली फाटकाशी तुम्ही कमरेत वाकून नमस्कार केलात आणि आई तुमच्याहून खाली वाकली. गुडघ्यांचं तिला भानच नव्हतं.

घरी आल्यापासून ती जिना चढताना स्वतःशीच "युक्कुरी" म्हणते. परवा रविवारी म्हणाली, आपल्या 'चार भिंती'च्या टेकडीवर जाऊ, वरून सातारा बघू. गेलो. वाटेत पाच वेळा थांबलो. पाचही वेळा आधी मी थांबले.

आपली,
साताऱ्याची एक लेक