आवाहन : चर्चच्या जुन्या लग्नवह्या वाचवू या

वसईतील आपल्या धर्मग्रामाच्या सर्व बंधुभगिनींस सप्रेम नमस्कार.

घराण्याची वंशावळ लिहायला घेतली की पणजोबांपर्यंत काम सुरळीत होते. सातबारा, फेरफार, घरपट्टी, सगळीकडे पुरुषांची नावे मिळतात. अडते ते पणजीपाशी. ती कुठल्या आळीतली, कोणाची लेक, हे सांगणारी माणसे आता उरली नाहीत. तिचे माहेर सापडते ते चर्चच्या लग्नवहीत.

१८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात लग्नांच्या सरकारदरबारी नोंदीची तरतूद आहे खरी, पण त्या कायद्याच्या नोंदणी नमुन्यात रकाना आहे तो बापाच्या नावाचा. आईच्या नावाला जागाच नाही! आपल्या वह्यांत मात्र फादरांनी कित्येक ठिकाणी आईचे नाव लिहिले आहे. साक्षीदार आहेत. नात्यात लग्न असेल तर त्यासाठी घेतलेली परवानगीही आहे. एका गावात एकाच नावाआडनावाचे तिघेचौघे असतात, तेव्हा नेमका माणूस ओळखायला हेच उपयोगी पडते. शिवाय १९०८पासून लग्नाची नोंद, ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथल्या बाप्तिस्म्याच्या वहीतही करायचा नियम झाला. त्यामुळे लग्न परगावी झाले असले तरी माग लागतो.

पावसाळ्यानंतर यातली एक वही उघडली, तेव्हा पोटात कालवले. जुन्या शाईतल्या लोहाने कागद खाल्ला आहे. जिथे अक्षर होते तिथे अक्षराच्याच आकाराचे भोक. एका ओळीत नवऱ्याचे नाव शाबूत आहे, नवरीचे गळून गेले आहे.

या वह्यांची जाणकारांकडून डागडुजी करून घ्यायची आहे, पानांचे फोटो काढायचे आहेत आणि वह्या ठेवायला आम्लरहित (कागद खराब न करणाऱ्या) पेट्या घ्यायच्या आहेत. जमेल तेवढी देणगी द्या, पावती जरूर घ्या. लॅटिन किंवा पोर्तुगीज वाचणारे कोणी असाल तर आठवड्याचे दोन तास द्या. आणि घराण्यांची टोपणनावे ठाऊक असलेल्या आजी-आजोबांना एकदा घेऊन या. त्यांच्यावाचून आमचे अर्धे काम अडले आहे.

शंभर वर्षांच्या आतल्या नोंदी बाहेरच्या कोणालाही दाखवल्या जाणार नाहीत.

रविवारी सकाळच्या मिस्सानंतर आम्ही चर्चच्या ऑफिसात असतो. घरातले जुने लग्नाचे दाखले असतील तर आणा, फोटो काढून लगेच परत देऊ. फाटले असतील तर तसेच आणा. कृपया चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनही करू नका.